चार, सहा की दहा? गाडीच्या चार्जरची वायर ठरवताना

पुण्यातल्या एका सोसायटीतल्या गृहस्थांनी विचारलंय: "नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतली. सोबत भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर मिळाला. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत पाइपाचा रस्ता ४२ मीटर भरतो. सोसायटीचा वायरमन म्हणतो, चारची वायर पुरे, एसीला तीच असते. चार्जर बसवायला आलेला मुलगा सहाची म्हणतो. शेजारचे काका म्हणतात, दहाच घे. अमेरिकेतला भाऊ सांगतो, सिक्स गेज. नक्की किती गेजची घेऊ?"

आधी उत्तर देतो. दहा स्क्वेअर एमएम, तांब्याची, तिच्या एकटीच्या पाइपातून, वर ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच). काका बरोबर आहेत. का बरोबर आहेत ते नीट समजून घ्या, म्हणजे उद्या पार्किंग बदललं किंवा दुसरी गाडी आली तर हिशोब तुमचा तुम्हालाच मांडता येईल. गेली सव्वीस वर्षं मी वायरिंगची कामं करतोय. त्यातल्या अलीकडच्या काही वर्षांत गाडीच्या चार्जरची कामं इतकी वाढलीत की आठवड्यातून एकदा तरी हाच वाद माझ्यासमोर होतो.

पहिल्यांदा 'गेज'चा गोंधळ मिटवू, कारण तुमच्या प्रश्नातच दोन वेगळे 'सहा' आहेत. आपल्याकडे पूर्वी ब्रिटिश गेज चालायचं. जुने वायरमन अजूनही 'तीन-बावीस', 'सात-वीस' म्हणतात. सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात तारा एकत्र पिळलेल्या. एक तार ०.९१ मिलिमीटर जाडीची, सगळ्या मिळून साधारण साडेचार स्क्वेअर एमएम तांबं. तीन-बावीस म्हणजे जेमतेम १.२. आता दुकानात सगळं स्क्वेअर एमएमवर मिळतं, म्हणजे तार आडवी कापली तर तांब्याचं क्षेत्रफळ किती दिसतं त्यावर. अमेरिकेचं गेज तिसरंच. तिथलं सहा गेज म्हणजे १३.३ स्क्वेअर एमएम, आणि ब्रिटिश सहा गेज म्हणजे जवळजवळ १८.७. चार्जर बसवायला आलेल्या मुलाची 'सहा' म्हणजे मात्र सरळ ६ स्क्वेअर एमएम. म्हणजे भाऊ सांगतोय त्याच्या निम्म्याहून कमी तांबं, आणि दोघंही 'सहा'च म्हणताहेत. गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते, स्क्वेअर एमएममध्ये आकडा वाढला की जाड. त्यामुळे परदेशातले व्हिडिओ बघून दुकानात गेज सांगू नका. स्क्वेअर एमएम सांगा, आणि वेष्टनावर छापलेलं वाचून घ्या.

आता एसीचं. तुमचा वायरमन खोटं बोलत नाही. चारच्या वायरीवर एसी वर्षानुवर्षं सुखाने चालतो. पण दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो, आणि तेवढ्यात वायरही गार होते. गीझर नऊ अँपिअर घेतो, पण पंधरा-वीस मिनिटं. घरातलं एकही उपकरण वायरीला तिच्या ताकदीच्या काठावर तासन् तास धरून ठेवत नाही. गाडी धरते. ७.२ किलोवॅटला २३० व्होल्टने भागा, ३१ अँपिअर येतात. हिशोबाला ३२ धरा. हे ३२ अँपिअर रात्री अकराला सुरू होतात आणि पहाटे तीन-चारपर्यंत हलत नाहीत. वायरीला श्वास घ्यायला उसंत नाही. घरगुती वायरिंगचे सगळे अंदाज या एका गोष्टीपाशी कोलमडतात.

म्हणून मी तीन गोष्टी या क्रमाने बघतो: वायर किती तापेल, लांबीत किती व्होल्टेज गळेल, आणि जोड कसे आहेत.

तापण्याचं गणित असं. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकतं. भोवतालची हवा ३० अंश असेल आणि वायर पाइपातून जात असेल तर ४ स्क्वेअर एमएम तांबं ३२ अँपिअर पेलतं, ६ पेलतं ४१, आणि १० पेलतं ५७. हे तक्ते आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. इथेच फसगत होते. चार्जरला ३२ हवेत, चारची वायर ३२ पेलते, मग झालंच की! पण ३० अंश कुठे आहेत आपल्याकडे? मे महिन्यात मीटर रूममध्ये आणि डक्टमध्ये ४० अंश सहज असतात. ४० ला त्या आकड्यांना ०.८७ ने गुणायचं. चार येते २८ वर, सहा येते साडेपस्तिसावर, दहा राहते साडेएकोणपन्नासला. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे ४५ अंश धरून ०.७९ ने गुणा. आणि त्याच पाइपातून दुसरी एखादी भार असलेली लाइन नेली तर वरून आणखी ०.८ ने गुणायचं, कारण दोघी एकमेकींना तापवतात. सहाची वायर मग पुण्यातसुद्धा २८ वर उतरते. ती ३२ पेलणार नाही. "स्वतंत्र पाइप" हे मी उगाच लिहिलं नाही. सोसायटीच्या जिन्याच्या दिव्यांच्या पाइपात जागा आहे म्हणून त्यातून ओढून घेऊ नका.

यानंतर एमसीबी. ३२ च्या चार्जरला ३२ चा एमसीबी लावला तर उन्हाळ्यात तो मध्यरात्री पडतो, कारण एमसीबीही ३० अंशांवर बेतलेला असतो आणि बंद डब्यात स्वतःच तापतो. म्हणून ४० चा लावतात, ते बरोबर आहे. पण एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. गाडीच्या रक्षणासाठी नाही. ४० चा एमसीबी ४५ अँपिअरपर्यंत तासभर तरी पडत नाही. तो तसाच बनवलेला असतो. मग त्याच्यामागची वायर निदान ४० तरी पेलणारी हवी. साडेपस्तिसाची सहा त्यात बसत नाही, साडेएकोणपन्नासची दहा बसते. आणि २८ ची चार? ती आत भाजत राहील, आवरण कडक होऊन तडकेल, आणि एमसीबीला काही कळणारसुद्धा नाही. तुमच्या वायरमनला फक्त हा एक मुद्दा दाखवा. समजूतदार असेल तर चारची वायर तो स्वतःच परत नेईल.

आता लांबी. ४२ मीटर जायचं आणि न्यूट्रलने ४२ मीटर परत यायचं, म्हणजे तांब्यातून ८४ मीटरचा प्रवास. तांब्याचा रोध आयएस ८१३० मध्ये ठरवून दिलेला आहे. किलोमीटरला चारच्या वायरीचा ४.६१ ओहम, सहाच्या ३.०८, दहाच्या १.८३. हा २० अंशांचा रोध. वायर कामाला लागून तापली की तो साधारण वीस टक्के वाढतो. ८४ मीटर, ३२ अँपिअर आणि तापलेलं तांबं धरून हिशोब केला तर चारमध्ये जवळपास १५ व्होल्ट गळतात, सहामध्ये १०, दहामध्ये ६. टक्केवारीत अनुक्रमे साडेसहा, सव्वाचार आणि अडीच. मी माझ्या कामात मीटरपासून चार्जरपर्यंत तीन टक्क्यांच्या आत राहतो.

"दहा-पंधरा व्होल्टने काय होतंय?" असं विचारतील लोक. ज्या सोसायटीत संध्याकाळी मीटरवरच २१० व्होल्ट येतात, तिथे चारच्या वायरीच्या टोकाला १९५ उरतात. गाडी ३२ अँपिअर घेतच राहते, पण आत ताकद कमी जाते, वेळ वाढतो, आणि व्होल्टेज फारच खाली गेलं की चार्जर थांबतो. सकाळी उठून बघावं तर गाडी अर्धी भरलेली. आणि गळलेले व्होल्ट कुठे जातात? पाइपाच्या आत उष्णता होतात. चारच्या वायरीत पावणेपाचशे वॅट, सहामध्ये सव्वातीनशेच्या आसपास, दहामध्ये १९०. खरं सांगायचं तर वीजबिलात यातून फार पैसे वाचत नाहीत. सहा आणि दहा यांच्यात एका रात्रीचा फरक अर्ध्या युनिटचा. जाड वायर बिलासाठी घ्यायची नसते. ते पावणेपाचशे वॅट तुमच्या झोपेच्या वेळी बंद पाइपात, भिंतीच्या आत तापू नयेत यासाठी घ्यायची असते.

पार्किंग मीटरपासून १५ मीटरवर असतं तर? व्होल्टेज सहानेही सांभाळलं असतं. पण एमसीबीचा मुद्दा तसाच राहतो, म्हणून ३२ अँपिअरच्या चार्जरला मी सहाची वायर आता वापरतच नाही. आणि ७० मीटर असतं तर १६ घेतली असती.

आता तिसरी गोष्ट. याबद्दल कुणी विचारत नाही, आणि माझ्या पाहण्यातली बहुतेक जळालेली कामं याच जागी जळालेली असतात: जोड.

दोन वर्षांपूर्वी चिंचवडमधल्या एका इमारतीतून मला बोलावणं आलं. गाडीसोबत मिळालेला ३.३ किलोवॅटचा चार्जर, तीन पिनांच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा. वायर चारची होती, नवी, चांगल्या प्रतीची. तिच्यात काही दोष नव्हता. पार्किंगमध्ये शिरलो तेव्हाच सुक्या मासळीसारखा वास नाकात भरला. तो वास ज्याला ओळखता येतो त्याने आधी मेन बंद करावा. मी तेच केलं. प्लग ओढला तर निघेना, सॉकेटला चिकटला होता. हलवून हलवून काढला, तर न्यूट्रलची पिन निळसर-तपकिरी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं वितळून खाली ओघळलेलं. फेजची पिन लख्ख. सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या स्क्रूखाली सात तारांपैकी चारच अडकल्या होत्या, बाकीच्या बाहेर मोकळ्या, आणि स्क्रू हाताने फिरत होता.

याचंही गणित साधं आहे. सैल जोडाचा रोध ०.१ ओहम धरा, म्हणजे नगण्य वाटावा इतका. १५ अँपिअरचा वर्ग २२५, गुणिले ०.१, म्हणजे साडेबावीस वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात असते ती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ती सॉकेटच्या आत खोचून आठ तास चालू ठेवल्यासारखं झालं. ३२ अँपिअरला तर ०.०५ ओहमही पुरे, ५१ वॅट होतात. आणि एमसीबी पडत नाही, कारण अँपिअर बरोबरच आहेत. आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की पडणारा स्विच, तोही पडत नाही, कारण गळती नाही. कुणीच पहारा देत नाही अशी ती एकच जागा आहे.

म्हणून काम चालू असताना तिथे स्वतः उभे राहा आणि एवढं बघा. दहाच्या वायरीच्या टोकाला चेपून लग (धातूची टोपी) किंवा पिन लावली पाहिजे, आणि चेपायला त्याच मापाची डाय, म्हणजे साचा हवा. पक्कडीने दाबलेली लग चालणार नाही. चार्जरच्या टर्मिनलमध्ये जाड वायर शिरत नाही म्हणून काही तारा छाटून ती 'बसवणारे' महाभाग आहेत. तसं केलं की त्या जागी तुमची दहाची वायर सातची झाली, तीही नेमक्या तापणाऱ्या ठिकाणी. वायर शिरत नसेल तर योग्य पिन लावा, किंवा चार्जरशेजारी आयसोलेटर (लाइन हाताने तोडायचा स्विच) बसवून त्यात दहा संपवा आणि तिथून चार्जरपर्यंतचा हातभर तुकडा कंपनीने सांगितलेल्या मापाचा घ्या. मधे कुठेही जोड नको. ४२ मीटरच्या रस्त्याला ९० मीटरच्या बंडलातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही सलग निघतात, हे बरंच आहे.

अर्थिंगची वायरही दहाचीच, हिरवी. १६ स्क्वेअर एमएमपर्यंत अर्थची वायर फेजच्या मापाचीच घ्यायची असा नियम आहे, आणि गाडीच्या बाबतीत तो जिवाचा नियम आहे. चार्जिंग चालू असताना गाडीचा पत्रा अर्थशी जोडलेला असतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून मूल गाडीला हात लावणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेवून अर्थिंग तपासा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायचाच, आणि तो 'ए' प्रकारचा घ्या. घरात सर्रास असतो तो 'एसी' प्रकार इथे उपयोगाचा नाही, कारण गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होऊ शकतो. चार्जरच्या माहितीपत्रकात सहा मिलिअँपिअर डीसी गळतीचं संरक्षण आत असल्याचं लिहिलेलं नसेल, तर 'बी' प्रकार घ्यावा लागेल. तो महाग आहे, पण त्याला पर्याय नाही.

वायर विकत घेताना एक दक्षता. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात फिरते. वरून दिसायला हुबेहूब. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर बंडल परत करा. दुसरी खूण वजनाची. १० स्क्वेअर एमएमच्या ९० मीटर बंडलात नुसतं तांबंच आठ किलोच्या आसपास असायला हवं, आवरणाचं वजन वेगळं. हातात घेतल्यावर हलकं लागलं तर काहीतरी चुकतंय.

तुमचा रस्ता बेसमेंटमधून उघड्यावरून जात असेल तर सुट्या वायरींऐवजी तीन कोअरची (आत तीन वायरी असलेली) आर्मर्ड, म्हणजे धातूचं चिलखत असलेली केबल जास्त बरी. उंदरांचा प्रश्न मिटतो आणि कुणी खिळा ठोकला तरी बचाव होतो. तिच्यात एक्सएलपीई आवरण ९० अंशांपर्यंत टिकतं म्हणून "मग सहा चालेल" असं सांगतील. केबल टिकेल, पण तिच्या टोकाला असलेले एमसीबी आणि टर्मिनल ७० अंशांचेच आहेत, आणि व्होल्टेजची गळती तर आवरणाने कमी होत नाही. दहाच घ्या. ॲल्युमिनियम आर्मर्ड स्वस्त पडते. १६ ची ॲल्युमिनियम केबल दहाच्या तांब्याच्या तोडीची आहे, रोध १.९१ ओहम किलोमीटरला. सोसायटीच्या मेनपासून पार्किंगच्या सामायिक पॅनेलपर्यंत मी ती बिनधास्त वापरतो, द्विधातू (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेली) लग लावून. एका घराच्या चार्जरला मात्र वापरत नाही. ॲल्युमिनियमच्या जोडाची निगा दरवर्षी राखावी लागते, आणि घरमालक ती राखत नाही.

इतरांसाठी थोडक्यात. ज्यांच्याकडे ३.३ किलोवॅटचा, १६ अँपिअरच्या सॉकेटवरचा चार्जर आहे त्यांनी तीस मीटरपर्यंत चारची आणि त्यापुढे सहाची वायर घ्यावी. साध्या सॉकेटऐवजी निळं औद्योगिक सॉकेट लावावं. त्याची पकड रोज प्लग काढला-घातला तरी सैल पडत नाही. स्कूटरचा चार्जर साधारण ७५० वॅटचा, म्हणजे तीन-साडेतीन अँपिअर. त्याला दीडची वायरही पुरून उरते. तिथे धोका एक्स्टेन्शन बोर्डाचा आणि ढिल्या सॉकेटचा. रिळावर गुंडाळलेली एक्स्टेन्शन कॉर्ड कुठल्याही चार्जरला लावू नका. गुंडाळ्यांची उष्णता आतल्या आत कोंडते.

तीन फेजचा ११ किलोवॅटचा चार्जर घ्यावा का, हे पुष्कळदा विचारतात. त्यात प्रत्येक फेजवर १६ अँपिअरच असतात, म्हणून वायर उलट बारीक चालते. पण गाडीच्या आतला चार्जर एक फेजचा ७.२ किलोवॅटचा असेल तर बाहेर ११ लावून गाडी ७.२ च्या वर घेणार नाही. उलट तीन फेजपैकी एकच वापरली जाऊन १६ अँपिअरवर अडकेल. आधी गाडीची पुस्तिका बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चार्जरपासून गाडीपर्यंत जाणारी केबल कापून लांब करू नका. एका ग्राहकाने पार्किंग उलट्या बाजूला पडलं म्हणून ती कापून तीन मीटर चारची वायर मधे जोडली होती. चार्जरला सुट्या जोडता येणाऱ्या टाइप २ केबलच्या प्लगमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो. ३२ अँपिअरच्या केबलला २२० ओहमचा, २० च्या केबलला ६८० चा. तो वाचून चार्जर आणि गाडी ठरवतात की या केबलमधून किती अँपिअर घ्यायचे. मधे तुम्ही काय जोडलंत ते त्या रेझिस्टरला माहीत नसतं; तो ३२ च सांगत राहतो. लांब केबल हवी असेल तर तयार मिळते. ३२ अँपिअरच्या केबलमध्ये सहा स्क्वेअर एमएमच्या तीन कोअर असतात. ती उघड्या हवेत असते, पाच-सात मीटरच लांब असते आणि तिचं आवरण वेगळं असतं, म्हणून तिथे सहा चालतात. "केबलच सहाची आहे, मग भिंतीत दहा कशाला?" या प्रश्नाचं उत्तर हेच.

वायरीआधी महावितरणकडे तुमचा मंजूर भार बघून घ्या. बऱ्याच घरांचा तो तीन ते पाच किलोवॅट असतो. ७.२ ची भर घातली की वाढवून घ्यावा लागेल, आणि मीटरपर्यंत येणारी सोसायटीची वायरही त्या भाराला पुरते का ते तपासावं लागेल. ती बारीक असेल तर तुमच्या दहाला अर्थ उरत नाही. तोवर चार्जरमध्ये सोय असेल तर त्याचा करंट १६ अँपिअरवर बांधून ठेवा. रात्रभरात तेवढ्यानेही रोजच्या फेऱ्या भागतात.

काम पूर्ण झालं की पहिल्या रात्री चार्जिंग लावून झोपू नका. दोन तास होऊ द्या. मग क्लॅम्प मीटरने अँपिअर बघा, चार्जरच्या टोकाला आणि मीटरच्या टोकाला व्होल्ट मोजा. दोघांतला फरक सहा-साडेसहाच्या आत हवा. एमसीबीच्या डब्यावर आणि आयसोलेटरवर तळहाताची मागची बाजू टेकवा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करून वायरमनला बोलवा आणि सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. महिन्याने एकदा पुन्हा आवळायला लावा, कारण तांबं तापून-निवून स्क्रूखाली बसतं आणि पहिल्या महिन्यातच थोडं ढिलं पडतं. नंतर वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत.